साखरफोल

प्रिय अक्का,

'प्रिय' लिहिलंय ते पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून. फुशारून जाऊ नकोस.

उद्या सकाळी लेबलवाला येणार आहे. जुनी लेबलं संपली, नवी छापायची आहेत. पाकिटाच्या डोक्यावर तुझ्या हातचा जो शब्द आहे, तो तसाच ठेवायचा की दुरुस्त करायचा, एवढंच त्याला सांगायचंय. दोन वर्षं जो शब्द मला वाचताच येत नव्हता, त्याचा निकाल उद्या मी द्यायचा! तुला विचारावं, तर ती सोय तू ठेवली नाहीस. म्हणून हे पत्र.

हो, मीच लिहितेय. कुणाला सांगून लिहवून घेतलेलं नाही. माझ्या हातानं, आपल्या बालबोध अक्षरात. दचकलीस ना? ओळी तिरक्या जातात, ळ आणि क मध्ये अजून माझी फजिती होते. पण तू तिथून लाल पेन्सिल घेऊन बसू नकोस. आज लाल पेन्सिल माझ्याकडे आहे.

मशीन घरी आलं तो दिवस आठवतो तुला? टेलिफोन ऑफिसातून मी रिटायर झाले होते आणि रोज सकाळी तुझं मोठ्यानं पेपर वाचणं ऐकून माझे कान किटले होते. त्या मशीनबद्दल मी तुला किती हौसेनं समजावून सांगितलं! जेलीची गोळी आधी दगडासारखी गोठवायची. मग पेटीतली हवा पंपानं ओढून घ्यायची. म्हणजे गोळीतलं पाणी न वितळता तसंच उडून जातं, गोळी फुगते, फुटते, फुलासारखी उमलते, आणि जिभेवर ठेवली की कुर्रकन विरघळते. तू पेपरची घडी घातलीस, चष्मा काढलास.

"म्हणजे पाणी काढून वारा भरतेस."

"तसं म्हण."

"आणि तो वारा विकतेस. बरं की!"

वर्षभर मी या वाक्यावर जळत होते. जळायचं कारण असं, की ते वाक्य बरोबर होतं. इतके लोक घरी येऊन मशीनबद्दल विचारून गेले, कुणालाही इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नाही. हेडमिस्ट्रेस ती हेडमिस्ट्रेसच.

मशीन ठेवायला हॉलमध्ये जागा नव्हती, म्हणून तुझी वह्यांची ट्रंक मी मागच्या खोलीत तांदळाच्या डब्यांशेजारी सरकवली. तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी बोललीस ते काय, तर मशीनला नाव ठेवलंस! पंपाची घरघर सुरू झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "काही नाही, अंबूचा नवरा घोरतोय." मी जन्माची बिनलग्नाची, साठीला टेकलेली. ऐकणाऱ्यानं बघायचं तरी कुठे?

आणि त्या दुपारी वीज गेली तेव्हा? गोळ्यांचे पाच ट्रे अर्धवट राहिले, पेटीत नुसता लाल-हिरवा चिखल झाला. मी डोक्याला हात लावून बसले, आणि तू दारात उभी राहून गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "अय्यो, अंबूचा नवरा गेला ग!" शेजारची म्हातारी पदर डोळ्याला लावत धावत आली. तू किती हसलीस! त्या घाण्यासाठी मी तीन दिवस गोळ्या जमवल्या होत्या, अक्का. तुला एकदा तरी वाटलं का, की हिला आता पुसायला फडकं द्यावं?

फडकं सेल्वीनं दिलं. पॅकिंगला येणारी सेल्वी, जिला तू दोन वर्षांत एकदाही 'बैस' म्हणाली नाहीस.

तुझ्या या तोऱ्याचं मूळ काय होतं, हे सगळ्या तंजावूरला ठाऊक होतं. इथे मराठी बोलणारी घरं अजून आहेत. पोरं समजून घेतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात, पण घरं आहेत. बालबोध वाचणारी माणसं मात्र बोटावर मोजावी इतकी, आणि मोडी वाचणारी आपल्या गल्लीत तू एकटी! लोक आजोबा-पणजोबांचे जुने कागद पिशवीत घालून तुझ्याकडे आणायचे. तू दोन ओळी वाचायचीस, ओठ मुडपायचीस आणि कागद परत द्यायचीस. "पुढचं तुमच्या उपयोगाचं नाही." बिचारे नमस्कार करून जायचे! त्यांचेच कागद, त्यांचेच आजोबा, आणि उपयोगाचं काय ते तू ठरवणार. मला तेव्हाही तुझी चीड यायची. आत्ता लिहितानाही येतेय.

बाबांनी तुला शिकवलं, मला नाही. त्याचं मी काही म्हणत नाही. मी तेव्हा खेळत होते, आणि पुढे बाबाच राहिले नाहीत. पण मी तिशीत असताना एकदा तुझ्याकडे आले होते. पाटी नव्हती म्हणून ऑफिसची कोरी वही घेऊन. "अक्का, मला अक्षरं शिकव." तू हसलीस. "तुला काय वाचायचं आहे? टेलिफोनचं बिल तमिळमध्येच येतं की!" मीही हसले. खरंच हसले, मूर्खासारखी. आणि त्या वहीत मग वाण्याच्या याद्या लिहिल्या.

आता लेबल.

पाकिटावर तमिळ नाव होतं, इंग्रजी होतं. मला वाटलं, आपली भाषाही असावी. राजवाड्याच्या दारातल्या दुकानात पाकिटं ठेवणार होते, तिकडे महाराष्ट्रातून माणसं येतात. मी तुझ्यासमोर पांढरं कार्ड आणि ब्रश ठेवला.

"नाव लिहून दे. आपल्या अक्षरांत."

"कोण वाचणार?"

"वाचो न वाचो. दिसायला छान दिसतं."

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. मला वाटलं, चष्मा घाण झाला असेल.

"काय लिहू?"

"साखरफूल."

"काय?"

"साखरफूल, अक्का. गोळी फुलासारखी होते ना, म्हणून."

आणि तू हसलीस. ते तुझं ठेवणीतलं हसणं, एका बाजूनं. मग एका दमात लिहिलंस, इतकं देखणं की लेबलवाला म्हणाला, मी हे असंच्या असं छापतो, कॉम्प्युटरची अक्षरं यापुढे भिकारी दिसतील. मला वाटलं, अक्कानं आशीर्वाद दिला! दोन दिवस मी तुझ्या कॉफीत दूध जास्त घातलं.

पाकिटं चालली. कॉलेजच्या मुली आल्या, तोंडापाशी फोन धरून कुरकुर आवाज रेकॉर्ड करणाऱ्या. एक तर म्हणाली, पहिला घास नीट ऐकू आला नाही, दुसरं पाकीट फोडा. लग्नवाले आले. नव्या बसस्टँडपाशी एकानं माझी नक्कल करून चिकट गोळ्या विकल्या. आपल्या हवेत पाकीट उघडं राहिलं की गोळी पाच मिनिटांत ओलावते, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. आणि राजवाड्यापाशी महाराष्ट्राची माणसं पाकीट हातात घेऊन वाचायची आणि हसायची. इतकी खूश होऊन हसायची! मला वाटायचं, एवढ्या लांब येऊन आपली अक्षरं दिसली, हरखली बिचारी. मी छाती काढून सांगायची, "माझ्या अक्कानं लिहिलंय." पाकीट त्यांच्या हातात देऊन त्यांचे फोटो मीच काढून द्यायची, अक्का. मी!

तू गेलीस पोंगलनंतर. सकाळी, खुर्चीत, पेपर मांडीवर. कुणाला त्रास नाही, कुणाला निरोप नाही. तुझ्यासारखंच.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी दुकानात साताऱ्याच्या एक बाई आल्या. पाकीट उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "साखरफोल! अहो, बघा तरी, काय धीट नाव आहे!"

मी म्हटलं, "फूल. साखरफूल."

"नाही हो मावशी. काना आहे, वर मात्रा आहे. फोल."

मला शब्द कळत नव्हता असं नाही. फोल म्हणजे काय हे भाताच्या मुलखात राहणाऱ्याला कोण सांगणार? वाऱ्यावर भात उपणताना जो उडून जातो तो, आत दाणाच नसलेला. इथली कुळवाडी माणसं त्याला तमिळमध्ये 'पदर' म्हणतात, आणि बिनकामाच्या माणसालाही तेच म्हणतात. म्हणजे दोन वर्षं मी गावभर, माझ्या हातानं, माझ्याच मालावर 'कोंडा' असं लिहून विकत होते. आणि ते वाचता येणारा या घरात एकच माणूस होता, जो रोज समोर बसून ती पाकिटं पाहत होता.

बाईंना माझ्या तोंडाकडे बघून वाईट वाटलं असावं. त्यांनी एका लेबलाच्या पाठीवर पेनानं ओळ लिहून दिली. फ, फा, फि, फी, फु, फू आणि पुढचं सगळं. बोट ठेवून दाखवलं, हा फू, शेपटी खाली. हा फो, काना बाजूला आणि मात्रा वर. चुकून एकाचा दुसरा होण्यासारखं त्यात काही नव्हतं. घसरलेला ब्रश खालची शेपटी वर नेत नाही.

त्या एका ओळीवर मी शिकले. लोक अ-आ पासून सुरू करतात, मी फ पासून केलं. बाकीची अक्षरं फोनवरून, लहान मुलांच्या धड्यांतून. एक निळा हत्ती ओरडून ओरडून 'क कमळाचा' सांगतो आणि चुकलं की सोंड हलवतो. तुझ्यापेक्षा बरा मास्तर. निदान हसत नाही.

कशासाठी शिकले म्हणतेस? तुला पकडण्यासाठी! दुसरं काही कारण नव्हतं. तुझ्या वह्यांत कुठेतरी 'फूल' हा शब्द असणार, आणि तो तू कसा लिहिला आहेस ते मला पाहायचं होतं. सवयच तशी असेल, तर चूक. नाहीतर मुद्दाम.

तरी ट्रंक उघडायला मी चालढकल करत होते. मागच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. चेन्नईहून आपला चुलतभाऊ मुरली आला होता. जेवण झाल्यावर त्यानं तुझ्यावर लांबलचक भाषण केलं. केवढी विदुषी, केवढा वारसा, चाळीस वह्या, अख्ख्या घराण्याची पत्रं मोडीतून उतरवून काढलेली! मग हात धुताना मला म्हणाला, "ती ट्रंक काढून टाक आता. जागा अडते. कोण वाचणार ते?"

"मी," म्हटलं.

त्यानं हात पुसले आणि पान लावायला घेतलं. त्याला स्वतःला बालबोधातली साधी पाटीही वाचता येत नाही.

तो गेला आणि मी ट्रंक उघडली.

वाटलं होतं, वाळवी लागली असेल. कावेरीची हवा, तांदळाच्या डब्यांशेजारी, इतकी वर्षं. वह्या कोऱ्या करकरीत होत्या! आणि प्रत्येक दोन वह्यांच्या मध्ये एक-एक पांढरी पुडी. 'खाऊ नका' असं छापलेली. माझी! ओल शोषून घ्यायला मी पाकिटात गोळ्यांबरोबर टाकते त्या पुड्या!

दोन वर्षं माझ्या पुड्या कमी भरायच्या, अक्का. मी सेल्वीवर संशय घेतला. तिला तोंडावर विचारलं. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "अम्मा, खाताही येत नाही असं ते नेऊन मी काय करू?" तू तिथेच बसली होतीस. पेपर वर धरून. चोरी तुझी, बोलणी सेल्वीला, आणि तुझ्या तोंडातून एक अक्षर नाही! ज्या धंद्याला वारा म्हणालीस, त्याच्याच टेबलावरून मुठी भरून नेत होतीस होय? मी काल सेल्वीच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. तुझ्या वतीनं नाही. तुझ्या वतीनं काही मागायला मी तुझी कोण लागते?

'फूल' सापडलं. तिसऱ्या वहीत, कुणा आजेसासूनं देवघरासाठी मागवलेल्या वस्तूंच्या यादीत. 'जास्वंदीचीं फुलें. कमळाचें फूल एक.' शेपटी खाली, सुरेख. म्हणजे मुद्दाम. मी तिथेच वही जमिनीवर आपटली. चाखून तरी बघायची होतीस ग! मधुमेहाचं निमित्त करून एक गोळी तोंडात घातली नाहीस आणि निकाल मात्र लिहून मोकळी झालीस. ठरवलं, उद्याच्या उद्या लेबल बदलायचं आणि ट्रंक मुरली म्हणाला तशी रद्दीला द्यायची.

आपटलेल्या वहीमुळे बाकीची चळत घसरली आणि सगळ्यात खालची वही वर आली. अर्धी कोरी. बाकी सगळ्यांच्या पुठ्ठ्यावर 'घराण्याचीं पत्रें' आणि आकडा. हिच्यावर एकच शब्द.

फोल.

तेच अक्षर. तोच काना, तीच मात्रा.

मी पहिलं पान लावलं. तुला सांगते, चार ओळींना मला अर्धा तास लागला. 'चाळीस वर्षें उतरवून काढलें. हें कोण वाचणार? अंबूला अक्षरें येत नाहींत. एकदां शिकव म्हणाली होती. मी हसलें. आतां कसलेंसें मशीन आणणार म्हणते.'

म्हणजे मशीन यायच्या आधीचं. म्हणजे तो शब्द माझ्यासाठी काढलेला नव्हताच. तुझ्या स्वतःच्या वहीवर तो आधीपासून होता, आणि मी कार्ड पुढे करून 'वाचो न वाचो, दिसायला छान' म्हणाले तेव्हा तू तोच उचलून माझ्या पाकिटावर ठेवलास. तुझी आयुष्यभराची अक्षरं मी दारातल्या कोलमाच्या रांगोळीसारखी वापरायला निघाले होते. राग आला असणार. यायलाच हवा होता. एवढं एक मी कबूल करते, पुढे काही मागू नकोस.

पण मला एक सांग. एवढी मानी बाई, एवढी विदुषी, आणि 'मी हसलें' हे वहीत लिहितेस? वही कुणाला सांगणार होती? मी पलीकडच्या खोलीत होते! मधे एक पडदा होता, दारही नव्हतं. तिशीत शिकवलं नाहीस ते सोड, साठीत शिकवायचं होतंस. ते मशीन घोरत असताना त्याच्याशेजारी बसून शिकवायचं होतंस. आपण दोघी दोन वर्षं समोरासमोर बसून होतो, अक्का, तू पेपर वाचत आणि मी पुड्या मोजत! याबद्दल मी तुला क्षमा करणार नाही. रडतेही आहे आणि करणारही नाही.

आणि हेही सांग, फोल कुणी जपून ठेवतं का ग? ओल लागू नये म्हणून बहिणीच्या पुड्या चोरून?

तर माझा निकाल ऐक. लेबलवाल्याला मी सांगणार आहे, शब्द बदलायचा नाही. साखरफोल. माल खरंच आतून पोकळ आहे, वाचणाऱ्याला खरं कळू दे. खाली तमिळमध्ये 'पू' आहे, फूल, तेही राहू दे. ज्याला जे वाचता येईल ते त्यानं घ्यावं. साताऱ्याच्या बाईंनी तर नावासाठीच सहा पाकिटं नेली होती.

ट्रंक हॉलमध्ये परत आणली. मशीन जरा सरकवलं. पुड्या नव्या घातल्या, आता मोजून.

आणि एक वचन देते. रोज सकाळी, तुझ्या पेपरच्या वेळेला, तुझ्या खुर्चीत बसून मी तुझ्या वहीतलं एक पान मोठ्यानं वाचणार. अडखळत वाचणार, चुकत वाचणार, ळ ला क म्हणत. सेल्वी ऐकते, तिला काही कळत नाही, तरी ती 'मग पुढे?' विचारते. चाळीस वह्या आहेत, माझं वय तुला ठाऊक आहे, जमेल तेवढं. तुला तिथे कानात बोटं घालायला मिळणार नाहीत. पहिल्या वहीचं चौथं पान झालं. त्यात एका ओळीत 'आणि' दोनदा लिहिलं आहेस. मी लाल पेन्सिलीनं गोल केलाय.

तू विचारलं होतंस ना, कोण वाचणार?

वाचणारी,
अंबू